एकाच नावाचे दोन मोबाइल : शेतकऱ्याने कोणता घ्यावा?

शेतीच्या अवजारांत आता मोबाइलचाही समावेश करणे प्राप्त झाले आहे. नांगर, वखर, डवरा आणि फवारणी-पंप ही अवजारे घेताना यवतमाळ जिल्ह्यातील शेतकरी आपली जमीन, आपली बैलजोडी आणि आपली ऐपत या तिन्ही गोष्टींचा विचार करतो. मोबाइल घेताना मात्र हा विचार बहुधा मागे पडतो. दुकानदाराने पुढे केलेला, शेजाऱ्याने घेतलेला किंवा मुलाने हट्ट धरलेला फोन घरी येतो. पुढे पीक-पाहणीच्या ऐन दिवसांत तो शेतात बंद पडतो, रेंज धरीत नाही, किंवा ‘जागा शिल्लक नाही’ असा संदेश दाखवितो. असे होऊ नये म्हणून कमी किमतीच्या फोनांतून योग्य तो कसा निवडावा, याची माहिती या पाठात दिली आहे.

पाठाचा उद्देश मर्यादित आहे. बाजारात एकाच नावाच्या फोनाच्या दोन किंवा अधिक आवृत्त्या मिळतात. त्यांपैकी आपल्या कामाची कोणती, हे शेतकऱ्याला स्वतः ठरविता यावे आणि ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याला ते समजावून सांगता यावे, एवढाच हेतू आहे. कोणत्याही एका कंपनीच्या मालाची शिफारस करण्याचा हेतू नाही.

१. मोबाइल हे शेतीचे अवजार कसे झाले?

महाराष्ट्रात ई-पीक पाहणीचा कार्यक्रम १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाला. तोपर्यंत सात-बारावरील पिकाची नोंद तलाठी करीत असे. या कार्यक्रमामुळे ती नोंद खातेदाराने स्वतःच्या मोबाइलवरून करावी अशी व्यवस्था झाली. पुढे केंद्राच्या डिजिटल पीक सर्वेक्षणाशी जोडलेले ॲप वापरात आले. शेतकऱ्याने आपल्या गटात प्रत्यक्ष जाऊन तेथूनच पिकाचे छायाचित्र घ्यावे, अशी त्यात अपेक्षा आहे. फोनाला आपली जागा उपग्रहांवरून ओळखता आली नाही, तर घरी बसून किंवा दुसऱ्याच्या धुऱ्यावरून हे काम होत नाही.

या नोंदीवर पुढची पुष्कळ कामे अवलंबून असतात. २०२५-२६ च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाने हमीभावाच्या खरेदीसाठी ‘कपास किसान’ या ॲपवर नोंदणी आवश्यक केली. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. सात-बारावर कपाशीचा पेरा नोंदलेला नसेल, तर अशा खरेदीच्या वेळी शेतकरी अडचणीत येतो.

हिशेब करून पाहावा. समजा, एका शेतकऱ्याजवळ १० क्विंटल कापूस आहे आणि नोंद नसल्यामुळे तो त्याला खुल्या बाजारात क्विंटलमागे ५०० रुपये कमी दराने विकावा लागला. त्याचे ५,००० रुपये गेले. कमी किमतीच्या फोनाच्या दोन आवृत्त्यांतील फरक सामान्यतः याहून कमी असतो. म्हणून सर्वांत स्वस्त फोन नेहमी स्वस्त पडतोच असे नाही. तद्वतच सर्वांत महाग फोन घेतल्याने नोंद आपोआप होते असेही नाही.

याशिवाय शेतकरी ओळख क्रमांकासाठी येणारा सांकेतिक आकडा, ‘दामिनी’ ॲपवरील विजेचा इशारा, ‘मेघदूत’वरील हवामानाचा सल्ला आणि कृषी विभागाच्या ‘महाविस्तार’ ॲपवरील माहिती ही सर्व फोनावरच येते. पावसाळ्यात उघड्या शिवारात काम करणाऱ्या माणसाला विजेचा इशारा वेळेवर मिळणे हा जिवाचा प्रश्न आहे.

२. एका नावाखाली दोन आवृत्त्या

कपाशी पेरणाऱ्यास ही गोष्ट नवी वाटू नये. बीटी कपाशीला आपल्या देशात २००२ साली मान्यता मिळाली आणि २००६ साली बीजी-२ हा दुसरा प्रकार आला. पुढे काही काळ एकाच कंपनीच्या एकाच वाणाच्या पिशव्या बीजी-१ आणि बीजी-२ अशा दोन्ही प्रकारांत दुकानात दिसत. नाव तेच, चित्र जवळजवळ तेच. परंतु आतील गुण निराळा आणि किंमतही निराळी. जाणता शेतकरी पिशवी उलटी करून बारीक अक्षरे वाचीत असे. फोनाच्या पेटीबाबतही तसेच करावयास हवे.

प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. डिसेंबर २०२३ मध्ये शाओमी कंपनीने ‘रेडमी १३सी’ आणि ‘रेडमी १३सी ५जी’ असे दोन फोन भारतात एकाच वेळी आणले. आता त्यांच्यानंतरचे नमुने बाजारात आलेले आहेत. परंतु जोडी कशी तपासावी हे शिकण्यास हे उदाहरण सोयीचे आहे.

दोहोंत सारखे काय : पडदा ६.७४ इंचांचा, बॅटरी ५,००० एमएएच, मागचा मुख्य कॅमेरा ५० मेगापिक्सेलचा, सर्वांत स्वस्त प्रकारात रॅम ४ जीबी आणि साठवण १२८ जीबी.

दोहोंत निराळे काय : पहिल्यात ‘हेलिओ जी८५’ हा प्रोसेसर असून तो ४जीपर्यंत चालतो, दुसऱ्यात ‘डायमेन्सिटी ६१००+’ हा नंतरच्या घडणीचा प्रोसेसर असून तो ५जी घेतो. सवलत धरून पहिल्याची आरंभीची जाहीर किंमत ७,९९९ रुपये, तर दुसऱ्याची ९,९९९ रुपये होती.

म्हणजे केवळ एका ‘५जी’ या शब्दामागे २,००० रुपयांचा फरक होता. वर दिलेल्या हमीभावाने तो सुमारे पाव क्विंटल कापसाएवढा होतो. पहिल्याच आवृत्तीत ६ जीबी रॅमचाही एक प्रकार होता. म्हणून खरी निवड केवळ ४जी आणि ५जी यांच्यात नव्हती. तेच पैसे वेगाच्या जाळ्यासाठी घालावेत की अधिक रॅमसाठी, असा तो प्रश्न होता. आजही दुकानात बहुतेक वेळा हाच प्रश्न उभा राहतो. त्याचे उत्तर पेटीवर मिळत नाही. ते आपल्या शिवारात शोधावे लागते. त्यासाठी पुढील चार कसोट्या क्रमाने लावाव्यात.

३. पहिली कसोटी : आपल्या शिवारावर कोणत्या टॉवरची छाया आहे?

भारतात ५जी सेवेचा आरंभ १ ऑक्टोबर २०२२ रोजी झाला. तिचा पुष्कळसा भाग ३,३०० मेगाहर्ट्झच्या वरील लहरींवर चालतो. या लहरी वेगाने पुष्कळ माहिती नेतात, परंतु त्यांचा पल्ला आखूड असतो आणि भिंती, दाट झाडी व टेकड्या यांचा त्यांना अडथळा होतो. याउलट ७०० मेगाहर्ट्झसारख्या खालच्या लहरी दूरवर पोहोचतात. पाटाच्या तोंडाशी पाणी जोरात असले तरी शेवटच्या सरीपर्यंत किती पोहोचते हे महत्त्वाचे. तसेच हे आहे.

यवतमाळ जिल्ह्यात सोळा तालुके आहेत आणि सर्वांची स्थिती सारखी नाही. यवतमाळ, वणी, पुसद, दारव्हा यांसारख्या शहरांच्या जवळचे शिवार निराळे आणि झरी-जामणी, घाटंजी किंवा उमरखेडच्या डोंगराळ व जंगली भागातील पोड व पाडे निराळे. गावात रेंज आहे म्हणून दोन किलोमीटरवरील शेतात ती असेलच असे मानू नये. पीक-पाहणी गावच्या चावडीवर होत नाही, ती शेतात होते.

म्हणून फोन घेण्यापूर्वी एक दिवस असा प्रयोग करावा. गावात वेगवेगळ्या कंपन्यांचे सिमकार्ड वापरणाऱ्या दोन-तीन ओळखीच्या माणसांना सोबत घेऊन आपल्या प्रत्येक गटात जावे. तेथे कोणाच्या फोनावर काय उमटते ते वहीत टिपून घ्यावे : ५जी, ४जी, की काहीच नाही. टिपण दोन वेळा करावे, एकदा मोकळ्या रानात आणि एकदा पऱ्हाटी वा तूर उंच झाल्यावर किंवा ढगाळ दिवशी. एवढ्या टिपणावरून निम्मा निर्णय होतो.

टिपणात ५जी कोठेच नसेल, तर ५जी आवृत्तीसाठी आज अधिक पैसे देण्याचे कारण राहत नाही. ५जी फोन ४जीवरही चालतो, त्यामुळे तो निरुपयोगी ठरत नाही. परंतु त्याचा वेगही मिळत नाही. शिवारात ५जी आलेली असेल आणि फोन चार-पाच वर्षे वापरावयाचा असेल, तर अधिकचे पैसे देणे योग्य ठरू शकते.

येथे एक बारीक परंतु महत्त्वाची बाब आहे. ‘४जी’ असे लिहिलेला प्रत्येक फोन प्रत्येक कंपनीच्या ४जी टॉवरला जुळतोच असे नाही. लहरींचे निरनिराळे पट्टे असतात. त्यांना ‘बँड’ म्हणतात. भारत संचार निगमच्या स्वदेशी बनावटीच्या ४जी जाळ्याचे देशव्यापी लोकार्पण २७ सप्टेंबर २०२५ रोजी झाले. या जाळ्यात ७०० मेगाहर्ट्झचा, म्हणजे ‘बँड २८’चा उपयोग होतो. ज्या दुर्गम गावात केवळ भारत संचार निगमचाच टॉवर आहे, तेथील शेतकऱ्याने फोनाच्या माहितीपत्रकात ४जी बँडांच्या यादीत २८ हा आकडा आहे की नाही हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. एकाच फोनाच्या दोन आवृत्त्यांत ही यादी निराळी असू शकते.

४. दुसरी कसोटी : खळे केवढे आणि कोठार केवढे?

पेटीवर ‘४ जीबी + ६४ जीबी’ असे दोन आकडे असतात. पहिला आकडा रॅमचा आणि दुसरा साठवणीचा. यांतील भेद पुष्कळांना समजत नाही, म्हणून तो खळ्याच्या दाखल्याने सांगावा.

रॅम म्हणजे खळे. ज्या मालावर आता काम चालू आहे तेवढाच खळ्यात असतो. खळे लहान असेल तर एक ढीग उचलल्याशिवाय दुसरा टाकता येत नाही. साठवण म्हणजे कोठार. त्यात छायाचित्रे, ॲप आणि आलेले संदेश वर्षभर पडून राहतात. कोठार मोठे असून खळे लहान असेल तर काम तुंबते. खळे मोठे असून कोठार भरलेले असेल तर नवा माल ठेवण्यास जागा नसते.

२ जीबी रॅमच्या फोनांत अँड्रॉइडची हलकी आवृत्ती बसविलेली असते. बोलणे आणि संदेश पाहणे एवढ्यापुरता असा फोन चालतो. परंतु पीक-पाहणीच्या वेळी ॲप, कॅमेरा आणि स्थाननिश्चिती ही तिन्ही एकदम चालवावी लागतात. अशा वेळी लहान रॅमचा फोन अडखळतो; कॅमेऱ्यातून परत येताच ॲप पहिल्यापासून सुरू होते आणि भरलेली माहिती पुन्हा भरावी लागते. ३२ जीबी साठवणीपैकी बराच मोठा भाग फोनाच्या स्वतःच्या व्यवस्थेतच खर्च होतो. उरलेला भाग व्हॉट्सॲपवरील चित्रफिती काही महिन्यांतच भरून टाकतात.

म्हणून शेतीच्या कामासाठी ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण ही खालची मर्यादा समजावी. त्याखालची आवृत्ती हजार-पंधराशे रुपयांनी स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. साठवण पुढे मेमरी कार्डाने काही अंशी वाढविता येते. रॅम मात्र वाढविता येत नाही. म्हणून दोहोंपैकी एकावरच पैसे घालावयाचे झाल्यास आधी रॅम पाहावी.

या ठिकाणी एका फसगतीपासून सावध राहावे. काही पेट्यांवर ‘८ जीबी रॅम’ असे ठळक छापलेले असते आणि खाली बारीक अक्षरांत ‘४ जीबी + ४ जीबी आभासी’ असा खुलासा असतो. ही आभासी रॅम म्हणजे कोठाराचा एक कोपरा खळे म्हणून उसना घेणे होय. त्याने थोडी सोय होते. परंतु ती खऱ्या रॅमची बरोबरी करीत नाही. तुलना करताना नेहमी खरी रॅमच धरावी.

५. तिसरी कसोटी : जागा ओळखणे व छायाचित्र

फोन आपली जागा उपग्रहांवरून ओळखतो. त्या संकेतासाठी इंटरनेट लागतेच असे नाही. परंतु रेंज असली म्हणजे जागा लवकर सापडते. घरात, टिनाच्या छपराखाली किंवा दाट झाडाखाली संकेत क्षीण होतो. म्हणून गटात मोकळ्या आकाशाखाली एक-दोन मिनिटे स्थिर उभे राहून मग ॲप उघडावे.

दुकानातील फोनाची ही परीक्षा करणे अवघड नाही. दुकानाबाहेर रस्त्यावर येऊन नकाशाचे ॲप उघडावे. निळा ठिपका आपण उभे आहोत तेथेच, थोड्या वेळात आणि न हलता दिसला, तर फोन कामाचा आहे. ठिपका पलीकडच्या आळीत भटकत असेल, तर शेतात तो शेजाऱ्याच्या गटात जाईल हे निश्चित समजावे.

कॅमेऱ्याच्या बाबतीत मेगापिक्सेलच्या मोठ्या आकड्याला भुलू नये. पीक-पाहणीचे छायाचित्र ओळखता येण्याजोगे असले म्हणजे पुरे. किडीची वा रोगाची ओळख पटवून घेण्यासाठी मात्र पान जवळून स्पष्ट दिसावे लागते. बोंडअळीचे छिद्र किंवा पानामागील मावा छायाचित्रात दिसला नाही, तर कृषी अधिकाऱ्यास योग्य सल्ला देता येणार नाही. म्हणून दुकानात आपल्या तळहाताचे एक वीत अंतरावरून छायाचित्र घ्यावे आणि रेषा स्वच्छ दिसतात का ते मोठे करून पाहावे.

६. चौथी कसोटी : बॅटरी, ऊन आणि पाऊस

५,००० एमएएचची बॅटरी साधारण वापरात दिवसभर पुरते. जेथे वीज वारंवार जाते तेथे याहून लहान बॅटरी घेऊ नये. चार्जर पेटीत आहे की वेगळा घ्यावा लागणार, हे विचारून घ्यावे. वेगळा घ्यावा लागल्यास तो खर्च किमतीत मिळवूनच तुलना करावी. रेंज क्षीण असलेल्या शिवारात फोन टॉवरचा सतत शोध घेतो आणि बॅटरी लवकर उतरते. जेथे ५जी येते-जाते, तेथे सेटिंगमध्ये जाऊन फोन ४जीवर स्थिर ठेवल्यास बॅटरी वाचते.

यवतमाळचा उन्हाळा कडक असतो. मे महिन्यात पारा ४४ अंशांच्या वर जातो. बहुतेक फोन ३५ ते ४० अंशांपर्यंतच्या हवेत वापरण्यासाठी केलेले असतात. फोन बंडीच्या फळीवर, ट्रॅक्टरच्या पत्र्यावर किंवा मोटारसायकलीच्या टाकीवर उन्हात ठेवू नये. तापलेला फोन लगेच चार्जिंगला लावू नये. सावलीत निवू द्यावा.

फवारणीच्या संदर्भात एक सूचना आग्रहपूर्वक करावीशी वाटते. २०१७ साली याच जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. औषधाने माखलेल्या हाताने फोन उचलून कानाला व तोंडाजवळ लावणे हे विष अंगात घेण्यासारखेच आहे. फवारणीच्या वेळी फोन पिशवीत बंद करून धुऱ्यावर सावलीत ठेवावा आणि साबणाने हात धुतल्याशिवाय त्याला शिवू नये.

७. दोन कुटुंबांचे उदाहरण

वरील कसोट्या कशा लावाव्यात हे दोन काल्पनिक कुटुंबांवरून पाहू.

पहिले कुटुंब झरी-जामणी तालुक्यातील एका पोडावर राहते असे समजा. जमीन चार एकर, कपाशी आणि तूर. शिवारात केवळ भारत संचार निगमची ४जी मिळते, तीही एका टोकाला. या कुटुंबाने ५जी आवृत्ती घेणे म्हणजे विहिरीला पाणी नसताना मोठा पंप बसविणे होय. त्याने ४जी आवृत्ती घ्यावी, बँड २८ आहे याची खात्री करावी आणि वाचलेल्या पैशांतून रॅम अधिक असलेला प्रकार निवडावा.

दुसरे कुटुंब वणीपासून जवळच्या गावात राहते असे समजा. जमीन आठ एकर, ओलीत आहे, मुलगी महाविद्यालयात शिकते, आणि टिपणात बहुतेक गटांत ५जी आढळली आहे. फोन दिवसा वडिलांकडे आणि रात्री अभ्यासासाठी मुलीकडे असतो. येथे ५जी आवृत्ती घेणे वावगे नाही. कारण नव्या घडणीचा प्रोसेसर आणि पुढील काही वर्षांचे वाढते जाळे या दोहोंचा लाभ त्यांना मिळेल. मात्र रॅम ४ जीबीहून कमी नसावी ही अट त्यांनाही लागू आहे.

दोन्ही कुटुंबांची निवड निराळी असूनही दोन्ही बरोबर आहेत. दोघांनीही आपले शिवार पाहून निर्णय घेतला, हे त्याचे कारण.

एक तिसरा पर्यायही विसरू नये. पीक-पाहणी एका मोबाइलवरून एकाहून अधिक खातेदारांची करता येते. भाऊबंदांपैकी एकाजवळ चांगला फोन असेल तर प्रत्येकाने नवा घेण्याची गरज नाही. मात्र आधारशी जोडलेला क्रमांक ज्याचा त्याच्याजवळ चालू असावा, मग तो साध्या बटणाच्या फोनात असला तरी चालेल. फोन घेऊन मुलगा कामासाठी पुण्याला गेला आणि सांकेतिक आकडा त्याच्याकडे जाऊ लागला, म्हणजे वडिलांचे काम अडते.

८. पैसे केव्हा व कसे द्यावेत?

फोन शक्यतो रोखीने आणि कापूस वा सोयाबीन विकल्यानंतर घ्यावा. ‘बिनव्याजी हप्ता’ असे सांगितले तरी प्रक्रिया-शुल्क आणि हप्ता चुकल्यावरील दंड विचारून घ्यावा. हप्ते जून-जुलैत येत असतील, तर त्याच महिन्यांत बियाणे, खत आणि डवरणीची मजुरी यांचाही खर्च असतो. फोनाच्या हप्त्यासाठी खताची मात्रा कमी करण्याची पाळी आली, तर तो व्यवहार तोट्याचा झाला असे समजावे.

पक्के बिल घ्यावे आणि त्यावर फोनाचा आयएमईआय क्रमांक लिहून घ्यावा. *#०६# असे दाबल्यास हा क्रमांक पडद्यावर येतो. तो पेटीवरील व बिलावरील क्रमांकाशी जुळला पाहिजे. जुना फोन घेत असाल तर हा क्रमांक दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या सेवेवर तपासावा. चोरीचा फोन स्वस्त मिळाला तरी पुढे तो बंद होऊ शकतो आणि घेणाराच चौकशीत सापडतो.

नव्या फोनावर ॲप केवळ प्ले स्टोअरमधूनच उतरवावे. ‘पीएम किसान’ किंवा ‘केवायसी’ अशा नावाने व्हॉट्सॲपवर येणारी फाइल कितीही ओळखीच्या माणसाने पाठविली तरी उघडू नये. अशा फाइलींतून फोनाचा ताबा घेऊन बँकेतील पैसे काढून नेण्याचे प्रकार घडले आहेत.

९. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

हा पाठ सभेत केवळ वाचून दाखवू नये, प्रात्यक्षिकासह घ्यावा. त्यासाठी खरीप पीक-पाहणीच्या निदान एक महिना आधीचा दिवस निवडावा. २०२५ मध्ये ही पाहणी १ ऑगस्टपासून सुरू झाली होती. अखेरच्या आठवड्यात सर्वजण एकदम माहिती पाठवू लागतात आणि चांगला फोनही खोळंबतो. म्हणून आरंभीच नोंद करण्याचा सल्ला द्यावा.

प्रात्यक्षिकाचा क्रम असा ठेवावा. प्रथम सभेस आलेल्यांच्या फोनांतील रॅम, साठवण आणि शिल्लक जागा सेटिंगमधून काढून फळ्यावर लिहावी. नंतर सर्वांनी जवळच्या एका शेतात जावे आणि प्रत्येक फोनावर जाळे कोणते दिसते, जागा किती वेळात सापडते, छायाचित्र कसे येते हे पाहावे. परत आल्यावर तक्ता पूर्ण करावा. कमी किमतीचा एखादा फोन महाग फोनाच्या पुढे गेलेला दिसेल. तो का पुढे गेला याची चर्चा शेतकऱ्यांनाच करू द्यावी. महिला खातेदारांच्या हाती प्रत्यक्ष फोन द्यावा. त्यांच्या वतीने दुसऱ्याने करून दाखविल्यास शिक्षण होत नाही.

कार्यकर्त्याने कोणत्याही दुकानाचे वा कंपनीचे नाव सुचवू नये. कसोट्या सांगाव्यात आणि निवड शेतकऱ्यावर सोपवावी.

चर्चेसाठी प्रश्न

(१) आपल्या गावातील कोणत्या शिवारात कोणत्या कंपनीचे जाळे मिळते? कोठे मुळीच मिळत नाही?
(२) ४ जीबी खरी रॅम आणि ४ जीबी आभासी रॅम यांत भेद कोणता?
(३) दोन आवृत्त्यांतील किमतीचा फरक आपल्या किती कापसाएवढा आहे? तेवढ्या पैशांत आपल्याला नेमके काय अधिक मिळते?
(४) गेल्या हंगामात ज्यांची पीक-पाहणी राहिली, त्यांत फोनाच्या दोषामुळे कितींची राहिली आणि उशीर केल्यामुळे कितींची?

सारांश

पेटीवरील मोठ्या अक्षरांपेक्षा बारीक अक्षरे वाचावीत. प्रथम शिवारातील जाळे, नंतर रॅम, नंतर जागा ओळखण्याची अचूकता आणि शेवटी बॅटरी, या क्रमाने विचार करावा. शिवारात ५जी नसेल तर ४जी आवृत्तीच घ्यावी आणि वाचलेले पैसे रॅमवर घालावेत; ५जी असेल आणि ऐपत असेल तर ती आवृत्ती घ्यावी. परंतु दोन्ही प्रसंगी पैसे देण्यापूर्वी आपले सिमकार्ड घालून, दुकानाबाहेर उभे राहून फोनाची परीक्षा करावी. बियाण्याची पिशवी पारखून घेणाऱ्या शेतकऱ्याने फोनाची पेटीही तशीच पारखून घ्यावी. फोन कोणताही असो, पिकाची नोंद मुदतीच्या पहिल्या आठवड्यातच पुरी करून घ्यावी.